बगळेबुवांचा उजवा डोळा

टीप-टीप… टीप-टीप.

लव्हाळ्यांच्या आडून आवाज आला आणि समोरच्या वाळक्या खुंटावर बसलेला खंड्या निळी रेघ ओढत पाण्यावरून निघून गेला. उजाडल्यापासून त्या खुंटासमोर पोट टेकून पडलेल्या छायाचित्रकाराने डोळे मिटले, जे म्हणायचे ते मनातल्या मनात म्हणून घेतले आणि मगच मान वळवली.

नारिंगी रेनकोट घातलेली एक मुलगी लव्हाळ्यांत उभी होती. रंग असा, की तळ्याच्या पलीकडच्या बदकांनीही त्याची दखल घेतली असावी. भुरभुर पावसाने तिच्या चष्म्याच्या काचा ठिपक्यांनी भरल्या होत्या आणि तोंडावर बोट ठेवून ती त्यालाच गप्प राहायला सांगत होती.

"ऐकलंत?" ती कुजबुजली. "इथे कुठला तरी पक्षी आहे. मी कॅमेरा वर केला की लगेच ओरडतो. फार हुशार दिसतोय."

"तो तुमच्या हातात आहे."

"काय?"

"कॅमेऱ्याचाच आवाज आहे तो. फोकस बसला की वाजतो. बंद करता येतो."

तिने कॅमेऱ्याकडे पाहिले. मग त्याच्याकडे. मग पुन्हा कॅमेऱ्याकडे, या वेळी जरा रागाने. "म्हणजे गेले कित्येक रविवार मी याच्याच मागे फिरतेय?"

खरे तर त्याला चिडायचे होते. तयारीही झाली होती. पण हसू आधी फुटले, आणि एकदा हसल्यावर माणसाला नीट चिडता येत नाही. तो गवतातून उठायला लागला. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे… त्याचे उठणे बराच वेळ चालले.

"अहो, संपणार आहात की नाही?" ती मान वर करत म्हणाली. "मी तर तुम्हाला बगळा समजले असते."

"मित्र बगळाच म्हणतात."

"मग मी बगळेबुवा म्हणते. जरा मान राखून."

त्याने तो आवाज बंद करून दिला. तेवढ्यासाठी हातात घेतलेला कॅमेरा परत देताना त्याने तिचे फोटो पाहिले, आणि ती चूक झाली; कारण नंतर गप्प बसणे त्याला जमण्यासारखे नव्हते.

"हे काय आहे?"

"बदक."

"आणि हे?"

"तेच बदक. जरा घाईत होतं."

"बदकाला घाई होती, तुमच्या शटरला नव्हती. इथे सेकंदाचा साठावा भाग ठेवलाय. तेवढ्या वेळात ते चार वेळा पंख मारून तुम्हाला हसून जाईल. उडतं पाखरू असेल तर निदान दोन हजारावा भाग हवा."

"तसं केलं की फोटो काळा येतो. करून बघितलंय मी."

"मग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि आयएसओ वाढू द्यायचा. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत. दाणे घरी बसून निवडता येतात. हललेला फोटो सावरता येत नाही."

"आणि ही लेन्स?"

त्याने लेन्सकडे पाहिले. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती, बोटभर लांबीची. "ही चांगली आहे. लग्नातला ग्रुप फोटो छान येईल."

"ठीक आहे," ती चष्मा पुसत म्हणाली. "कुणाचं तरी ठरू दे, मग काढू."

चष्मा पुसताना डोळे खाली होते, त्यामुळे ती थट्टा होती की काय ते त्याला कळले नाही. घरी पोचेपर्यंत त्याचा हाच विचार चालला होता.

पुढच्या रविवारी ती राखाडी रेनकोट घालून आली. त्याच्या पुढच्या रविवारी थर्मासमध्ये दोघांपुरता चहा होता. एव्हाना त्याला कळले होते, की ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते," ती म्हणाली होती. "म्हटलं, आपणही जरा लांबचं बघावं." तिला कळले होते, की तो पक्ष्यांची कॅलेंडरे आणि माहितीची पुस्तके छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यासाठी फोटो काढतो, घरी आईबाबा असतात आणि बाबांना दिसत नाही. काचबिंदू. वेळेवर तपासले नाही, कळले तेव्हा उशीर झाला होता. हे सांगून त्याने विषय बदलला होता, आणि तिने बदलू दिला होता.

त्याने तिला आपली मधली लेन्स वापरायला दिली होती. मोठी लेन्स तिला उचलवत नव्हती, आणि हात थरथरायला लागला की लांब पल्ल्याचा काही उपयोग नसतो, हे तिला पटवायला त्याला एक अख्खी सकाळ लागली.

"मला तुमच्याएवढं जवळचं दिसायला हवंय," ती म्हणे.

"लेन्सने जवळ दिसतं, जवळ जाता येत नाही. त्याला बसून राहावं लागतं."

"किती वेळ?"

"समोरच्याला आपली सवय होईपर्यंत."

"असं होय," ती म्हणे आणि चहा ओतायला लागे. त्याचे कान तांबडे झालेले ती बघे की न बघे, कोण जाणे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हा माणूस आपला कॅमेरा कुणाच्याही हातात देत नसे. छापखान्याच्या मालकांना नाही, सख्ख्या आतेभावाला नाही, प्रत्यक्ष आईने मागितला तरी "थांब, मीच दाखवतो" म्हणे. मुलांच्या बाबतीत आया हळव्या असतात तसा तो त्या यंत्राबाबत होता. आणि एका रविवारी तळ्यात बुड्या मारणारी चिमुकली टिबुकली पाठीवर दोन पिल्ले घेऊन लव्हाळ्यांतून बाहेर पडली, तेव्हा आपण होऊन बाजूला सरकत तो म्हणाला, "या. इथून बघा."

ती त्याच्या जागी बसली. मोठी लेन्स तिपाईवर होती. तिने डोळा लावला, चष्मा खटकन आपटला. चष्मा काढून त्याच्या हातात दिला, पुन्हा डोळा लावला. "काही दिसत नाहीये… थांबा हं…" तिची बोटे कॅमेऱ्यावर चाचपडत राहिली. मग बोटे थांबली.

"दिसली?"

"बगळेबुवा," ती अगदी हळू म्हणाली, "त्या पिल्लाच्या चोचीवर पाण्याचा थेंब आहे."

"डोळ्यावर फोकस ठेवा. डोळा धारदार आला की बाकी सगळं माफ असतं. आणि दाबा."

तिने बटण दाबले. फोटो आला. असा आला, की तिने वळून त्याचा हातच धरला आणि धरल्यावर लक्षात येऊनही सोडला नाही. तिचा चष्मा त्याच्या दुसऱ्या हातात होता. बिनचष्म्याचे तिचे डोळे किंचित मिचमिचे, ओले आणि फार जवळ होते. काहीतरी बोलायला हवे होते… बोललाही असता… तेवढ्यात टिबुकलीने बुडी मारली आणि दोघेही उगाच पाण्याकडे बघत बसले.

येत्या रविवारी विचारायचेच, असे त्याने घरी जाताना ठरवून टाकले. वाक्यही ठरवले. ते रस्त्यात तीनदा बदलले, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच तळ्यावर गेला. खुंटावर खंड्या बसला होता. कॅमेरा डोळ्याला लावला तर खंड्या धूसर. त्याने मागची काच पुसली. तरी धूसर. लेन्स बदलली, तरी तेच. मग त्याने फोटो काढून मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. फोटो लख्ख होता, पीस न् पीस मोजून घ्यावे असा.

फोटो धारदार येतो आहे म्हणजे लेन्स निर्दोष, कॅमेरा निर्दोष. मग दोष कुणाचा? राहिला एकच. ज्या डोळ्यावर त्याचे पोट होते, तो उजवा डोळा.

बाबांचेही असेच सुरू झाले होते. आधी जिन्याची कड दिसेना, मग बाजूने येणारी सायकल, मग सगळेच. गेली कितीतरी वर्षे आई त्यांना पाण्याचा पेला हातात देताना "पेला" म्हणते, पायरी आली की "पायरी" म्हणते. त्या आवाजात कंटाळा त्याने कधी ऐकला नव्हता. पण आईचे दमलेले खांदे मात्र पाहिले होते. आपण कुणाला तरी आयुष्यभर "पायरी, पायरी" म्हणायला लावायचे? तेही तिला, जी दिवसभर लोकांचेच डोळे सांभाळते?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटे नाही. त्या दिवसापासून त्याला सगळेच धूसर दिसायला लागले. रस्त्यावरच्या पाट्या धूसर, वर्तमानपत्र धूसर, भिंतीवरचे घड्याळ धूसर. एक डोळा झाकून बघावे तर हिंमत होईना. डॉक्टरकडे जावे तर हात दाखवून अवलक्षण. माहीत नाही तोवर निदान माहीत नाही, एवढे तरी म्हणता येत होते.

रविवारी तो तळ्यावर गेला नाही. "काम आहे," एवढेच कळवले. पुढच्या रविवारीही काम निघाले. मोठी लेन्स त्याने खोक्यात भरली आणि घेणारा कुणी असेल तर बघा, असे छापखान्यात सांगून ठेवले.

"अरे, काय झालंय तुला?" आईने विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या माणसाने दोन वेळा ताटावरून उठू नये."

शेवटी तिला सांगावे लागले, टिबुकलीच्या सकाळपासून सगळे. आई पदराने पुन्हा पुन्हा ओटा पुसत राहिली. बाबा पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. डोळे गेलेल्या माणसाचे कान भिंतीपलीकडचेही ऐकतात, हे मायलेक दोघेही विसरले.

त्यानंतर लवकरच एका दुपारी दारावर थाप पडली. बाबांनी दार उघडले.

"मी लेन्स परत करायला आलेय," ती म्हणाली. आवाजात नुकतीच रडून आवरल्यासारखा कोरडेपणा होता. "त्यांना द्या, म्हणावं आभारी आहे."

"तू ती टिबुकलीवाली का गं?" बाबा म्हणाले. "ये, आत ये. लेन्स परत द्यायची घाई करू नकोस. त्याचं तुझ्यावाचून काही अडलं नाही असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. त्याला वाटतंय की त्याचे डोळे चाललेत. माझ्यासारखे. म्हणून तो लपून बसलाय, आणि आता तिकडच्या खोलीत श्वास रोखून आपलं बोलणं ऐकतोय."

तो खरोखरच ऐकत होता. आता बाहेर येण्यावाचून इलाज नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावलेली होती, पण राग कुठे ठेवावा ते तिला समजत नसावे.

"कॅमेरा घ्या," ती म्हणाली. "आणि चला माझ्याबरोबर."

"कॅमेरा कशाला?"

"तुमचा डोळा त्याच्यापाशी असतो म्हणून."

दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणे, काउंटरवर फ्रेम पुसत बसले होते. तिने त्यांना सांगितले, "काका, एक तपासणी आहे." काकांनी त्या लांबलचक, उतरल्या चेहऱ्याच्या पेशंटकडे पाहिले आणि काही न विचारता आतले दार उघडून दिले.

खोली लहान होती. खुर्ची, समोरच्या भिंतीवर उजेडातली अक्षरे, बाकी अंधार. तिने त्याचा डावा डोळा झाकला. तिची बोटे गार होती आणि त्याचे कपाळ गरम.

"वाचा."

तो वाचायला लागला. मोठी ओळ, मधली ओळ, त्याखालची. आवाज कापत होता, अक्षरे मात्र एकही चुकत नव्हती. शेवटची बारीक ओळ आली तेव्हा तो थांबला.

"नाही दिसत?"

"दिसतेय," तो गोंधळून म्हणाला. आणि ती ओळही वाचली.

तिने यंत्र पुढे ओढले. डोळ्यावर हवेचा फुत्कार बसला, तो दचकला. तिने आकडा पाहिला, दुसऱ्यांदा मोजला. मग भिंग लावून बराच वेळ डोळ्याच्या आत बघत राहिली. एवढ्या जवळ, की तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता. पाचावर धारण बसलेल्या माणसालाही हे कळत होते, हे नमूद केले पाहिजे.

"दाब व्यवस्थित आहे," ती हळूच म्हणाली. "आत सगळं छान आहे. आणि काचबिंदू असा एकदम मधोमध धूसर करत नाही, तो कडेकडेने येतो. तुम्हाला धूसर दिसतं ते नक्की कुठे?"

"कॅमेऱ्यातून."

"आणि इतर वेळी?"

त्याने विचार केला. पाट्या, वर्तमानपत्र, घड्याळ… आता या खोलीत ते सगळे आठवताना त्याला खात्री देता येईना. "कॅमेऱ्यातून," तो पुन्हा म्हणाला.

"त्यातले ते खालचे आकडे? शटरचे वगैरे?"

"तेही. सगळंच."

तिने त्याच्या मांडीवरचा कॅमेरा उचलला, आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे कॅमेरा रोखून डोळा लावला.

"मला तर लख्ख दिसतंय," ती म्हणाली.

"तुम्हाला? बिनचष्म्याचं?"

"बिनचष्म्याचं."

दोघांनाही ते एकाच वेळी कळले. डोळा लावतात त्या काचेच्या शेजारी एक इवलेसे चाक असते. बघणाऱ्याच्या डोळ्याला जुळवून घ्यायचे. कॅमेरा घेतला त्या दिवशी त्याने ते एकदा जुळवले होते, आणि नंतर त्याला हात लावायची वेळ कधी आलीच नाही, कारण त्या कॅमेऱ्याला दुसरा डोळा कधी लागलाच नव्हता.

"त्या दिवशी मला दिसत नव्हतं," ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "म्हणून मी काहीतरी फिरवलं… दिसायला लागलं… आणि मग ते पिल्लू…"

त्याने कॅमेरा घेतला. चाक अंगठ्याने हळूहळू फिरवले. भिंतीवरची अक्षरे धुक्यातून वर आली आणि ठळक, काळीभोर होऊन उभी राहिली. खाली आकडेही होते, सगळेच्या सगळे. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळले. तो हसायला लागला. गावभर शटर, अ‍ॅपर्चर आणि लेन्स शिकवत फिरणारा माणूस, काखेत कळसा घेऊन वळसे घालत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि सगळे पुन्हा धूसर झाले, पण या वेळी त्याला कारण माहीत होते.

ती हसत नव्हती.

"समजा खरं असतं तर?" ती म्हणाली.

"हं?"

"समजा खरंच डोळे चालले असते. तर तू काय करणार होतास? लेन्स विकणार, घरात बसणार आणि मला 'काम आहे' म्हणून कळवत राहणार? कधीपर्यंत?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, मी त्या दिवशी हात धरला ते तुला आवडलं नाही. मी रोज तेच… रोज तेच आठवत होते."

तो खुर्चीतून उठणार होता. तिने खांद्यावर हात ठेवून खाली बसवले.

"मला आई दिसायची," तो म्हणाला. "बाबांना पायरी सांगणारी. ते मी तुझ्यावर कसं टाकू? म्हणून बोललो नाही. त्या रविवारी विचारणार होतो, शपथेवर सांगतो. वाक्यसुद्धा ठरवलं होतं."

"मग विचार ना."

"आता?"

"आता नाही. आता डोळे ठणठणीत आहेत, आता कुणीही विचारेल."

तिने भिंतीकडे हात नेला आणि बटण दाबले. अक्षरांचा उजेड गेला. खोलीत मिट्ट काळोख झाला. इतका, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळू नये.

"काही दिसतंय?" काळोखातून तिने विचारले.

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"आता विचार."

ठरवलेले वाक्य कुठल्या कुठे गेले होते. ती किती लांब उभी आहे, हसते आहे की रडते आहे, काही कळायला मार्ग नव्हता. त्याने अंदाजाने हात पुढे केला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "मला पुढचं काही दिसत नाही. तुला चालेल का?"

एक पाऊल वाजले. मग एक गार हात त्याच्या हातात आला आणि तिचे कपाळ त्याच्या खांद्यावर टेकले.

"चालेल," ती म्हणाली. "चाललं असतं. आता दर वर्षी तपासायला यायचं, न चुकता, बाबांचा इतिहास आहे म्हणून. आणि न दिसलेलं काही असेल तर ते आधी मला सांगायचं."

"सांगेन."

"बगळेबुवा…"

"हं?"

"खुंटच झालास की रे. हात आहेत ना तुला?"

हात होते. ते त्याने वापरले. काळोखात किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता आले नसते, पण बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली असावी, कारण दारावर काकांची टकटक झाली.

"झालं का गं? केवढा वेळ? डोळे तपासतेस की मोजतेस?"

तिने त्याच्या खांद्यावरून मान जेमतेम उचलली.

"काका, जरा थांबायला सांगा," ती म्हणाली. "उजवा झालाय. डावा राहिलाय अजून."